नागपूरचे ४७ आणि माझी चुकलेली रेषा

अमेरिकेतल्या मिनेसोटात येऊन सहा वर्षं झाली, तरी मे महिना लागला की माझा जीव नागपूरच्या पाऱ्यात अडकलेला असतो. इथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा तिकडे संध्याकाळचे साडेसहा. व्हिडिओ कॉलवर आईच्या मागे कूलर घरघरत असतो आणि तिचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आज सत्तेचाळीस होतं बाप्पा!"

इथे सगळा कारभार फॅरनहाइटमध्ये, त्यामुळे ४७ म्हटलं की लोकांना स्वेटरची हवा वाटते. नवीन आले तेव्हा एकीने युक्ती सांगितली होती: दुप्पट करायचं, तीस मिळवायचे. त्या हिशेबाने मी ऑफिसात नागपूर १२४ वर नेऊन ठेवलं. खरा आकडा ११६.६. आपल्या गावाबद्दल आपणच चुकीचं सांगितलं, हे मला फार लागलं.

गेल्या रविवारी भाची कॉलवर आली. अकरावी सायन्सला आहे. "मावशी, दोन बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचं सूत्र डोक्यात राहतच नाही." म्हटलं, पाठ करू नको, थर्मामीटर आठव.

पाणी ० सेल्सिअसला गोठतं, तेव्हा फॅरनहाइट ३२. उकळतं १०० ला, तेव्हा २१२. क्ष म्हणजे सेल्सिअस, य म्हणजे फॅरनहाइट. झाले दोन बिंदू: (०, ३२) आणि (१००, २१२). चढ म्हणजे य मधला फरक भागिले क्ष मधला फरक: १८० ÷ १०० = ९/५. सेल्सिअस एक अंश वाढला की फॅरनहाइट १.८ ने वाढतो. म्हणून य − ३२ = ९/५ (क्ष − ०), म्हणजेच य = ९/५ क्ष + ३२.

"आणि दुसरा बिंदू धरला तर?"

हाच प्रश्न मला हवा होता. तिलाच करायला लावलं: य − २१२ = ९/५ (क्ष − १००). कंस सोडवला, २१२ मधून १८० गेले, उरले ३२. तीच रेषा! तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. फक्त चढ काढताना वजाबाकीचा क्रम वर आणि खाली एकच हवा. चिन्ह चुकतं ते तिथेच. १७४२ मध्ये खुद्द सेल्सिअसने उकळणं ० आणि गोठणं १०० धरलं होतं. ते बिंदू घेतले तर चढ उणे ९/५ येतो आणि रेषा उतरती होते.

मग माझी जुनी युक्तीही त्याच कागदावर काढली: य = २क्ष + ३०. दोन्ही रेषा १० अंशांवर भेटतात, दोन्हीकडे ५०. पुढे दर अंशाला ०.२ चं अंतर पडत जातं. वसंतातल्या मिनेसोटात ते जाणवत नाही, पण ४७ पर्यंत पोचता पोचता ७.४ होतं. युक्ती थंड गावाची, वापरली मी नागपूरला.

नागपूरचा २३ मे २०१३ चा ४७.९ चा उच्चांक तिने स्वतः मांडला: ११८.२२. मग विचारलं, "दोन्ही आकडे सारखे कधी येतात?" य च्या जागी क्ष ठेव म्हटलं. उत्तर आलं उणे ४०.

रात्री तिने आलेखाचा फोटो पाठवला. उणे ४० चा बिंदू कागदात मावला नव्हता, म्हणून खाली दुसरा आलेख कागद चिकटवला होता.