कढीपत्त्यावरची अळी, चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी

कुंडीतल्या कढीपत्त्याची कोवळी पानं कुरतडलेली दिसली की औषध मारू नका, मुलांना हाक मारा. पानावर जेमतेम मिलिमीटरभर पिवळसर गोल अंडं किंवा पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी तपकिरी-पांढरी अळी सापडेल. ती बहुधा लिंबू फुलपाखराची नाहीतर कॉमन मॉरमॉनची. चार वेळा कात टाकून शेवटी ती हिरवीगार होते.

एक किंवा दोनच अळ्या घरात आणा. जास्त आणल्या तर पानं पुरत नाहीत आणि मुलांचं लक्षही विखुरतं. दोन-तीन लिटरची भरणी घ्या, तळाला कागद घाला आणि तोंडाला मलमलचं कापड रबराने बांधा. घट्ट झाकण नको, आत वाफ धरते, बुरशी येते. पाण्याच्या छोट्या बाटलीत कढीपत्त्याची डहाळी ठेवायची, पण बाटलीचं तोंड कापसाने बंद करायचं, नाहीतर अळी आत उतरून बुडते. रोज लेंड्या झाडून ताजी डहाळी द्या. बाजारातला कढीपत्ता नकोच; त्यावरच्या फवारणीने अळ्या मरतात.

अळी उचलायची ती पानासकट. डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी-लाल दुभंगलेलं शिंग काढून ती उग्र वास सोडते. मुलांना हे फार आवडतं, पण एकदा पाहिलं की पुरे. एखादा दिवस ती न खाता निश्चल बसली तर कात टाकायची तयारी चालू असते. तेव्हा हलवू नका.

या काळात मोठ्यांनी माहिती कमी सांगावी. "काल केवढी होती? आज कुठलं पान खाल्लं?" एवढं विचारून रोज चित्र काढू द्यावं.

पातळ विष्ठा टाकून अळी सैरभैर फिरू लागली की कोष करणार. भरणीत तिरकी काडी हवीच. कोषातून फुलपाखरू साधारण 8 ते 12 दिवसांत येतं, थंडीत उशिरा. त्याला पंख खाली लोंबू देण्याएवढी जागा मिळाली नाही तर ते चुरगळलेलेच वाळतात. तेव्हा गळणारा रंगीत द्रव रक्त नव्हे, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. पंख वाळले की दिवसाउजेडी, पाऊस नसताना सोडा.

कधी कोष काळवंडतो आणि त्याला बारीक भोक पडलेलं दिसतं. परजीवी गांधीलमाशीच्या पिल्लांनी आतून तो खाल्लेला असतो. लपवू नका, भिंगातून ते भोकही मुलांना दाखवा.