दोन देशांतल्या सह्या आणि नोटरीची एकच चौकट

मुलीच्या शिक्षणाच्या व्हिसासाठी स्पॉन्सर दोघं होतो, मी आणि माझा मोठा भाऊ, म्हणजे तिचा मामा. मी एका देशात, दादा दुसऱ्या, आणि मुलीला जायचं तिसऱ्याच देशात. प्रवेश, बँकेची पत्रं, वैद्यकीय तपासणी सगळं वेळेत झालं. अडलं ते एका पानावर. "खर्चाची जबाबदारी आम्ही दोघं घेतो" असं शपथपत्र, खाली सह्यांच्या दोन जागा आणि त्याखाली नोटरीसाठी एकच चौकट. त्या चौकटीने आमचे सात आठवडे खाल्ले.

मी घरीच सही करून कागद कुरिअरने दादाकडे पाठवला. तो सही करेल, तिकडचा नोटरी शिक्का मारेल आणि काम होईल, असं धरून चालले होते. नोटरीने विचारलं, "ही पहिली सही कोणाची? त्या बाई कुठे आहेत?" दादाने खरं ते सांगितलं आणि कागद परत हातात आला. शपथपत्रावर नोटरी जे लिहून देतो त्याचा अर्थच हा की सही करणारा माझ्यासमोर आला, मी त्याची ओळख तपासली, त्याने शपथ घेऊन माझ्यादेखत सही केली. समोर नसलेल्या माणसासाठी असं लिहून देणं म्हणजे खोटा दाखला देणं. आज हे मला पटतं. तेव्हा मात्र मला त्या नोटरीचाच राग आला होता.

कागद फिरून माझ्याकडे आला. माझ्या नोटरीचंही म्हणणं तेच. शिवाय सही आधीच केलेली, त्यामुळे माझ्यापुरताही शिक्का मिळेना. म्हणून आत्ताच सांगते, शपथपत्रावर घरी सही करू नका. सही न केलेलं शपथपत्र आणि मूळ पासपोर्ट घेऊन जा, आणि नोटरी सांगेल तेव्हाच पेन उघडा.

खरी चीड आली ती व्हिसा अर्ज केंद्राच्या फोनवर. चार वेळा फोन केला आणि चारही वेळा एकच वाक्य ऐकलं, "दोन्ही सह्या एकाच शपथपत्रावर आणि नोटराइज्ड हव्यात." अहो, पण माणसं दोन देशांत आहेत, करायचं कसं? त्यावर पुन्हा तेच वाक्य. एकाने तर सुचवलं की दोघांनी एकाच नोटरीसमोर जावं. दादा रजा टाकून विमानाने यायला तयार झाला होता, एका सहीसाठी! मी रात्री दोन-दोनपर्यंत जागून लोकांचे अनुभव वाचत होते. मुलगी काही बोलायची नाही, पण तिची कॉलेजची तारीख कॅलेंडरवर समोर दिसत होती.

वाट दाखवली ती दादाला परत पाठवणाऱ्या त्याच नोटरीने. दादा दुसऱ्यांदा गेला तेव्हा तो म्हणाला, "एका चौकटीच्या दोन करा. मी फक्त तुमच्या सहीचा दाखला देतो, बहिणीच्या सहीचा तिकडचा नोटरी देईल." प्रत्येक दाखल्यात नाव, गाव, देश आणि तारीख वेगळी. 'आज माझ्यासमोर फक्त अमुक यांनी सही केली' इतकं स्पष्ट लिहिलेलं. दोन तारखांत अंतर पडलं तरी बिघडत नाही, कारण प्रत्येक नोटरी आपापल्या दिवसापुरतं बोलतो.

या वेळी मी फोन केला नाही, ईमेल केला. सही करणारे दोन देशांत आहेत, एकाच शपथपत्रावर प्रत्येक सहीला तिथल्या नोटरीचा स्वतंत्र दाखला चालेल का? तिसऱ्या दिवशी एका ओळीत होकार आला. तोच कागद दोघांकडे फिरवायला वेळ नसेल, तर त्याच मजकुराची दोन स्वतंत्र शपथपत्रं चालतील का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या. मी ते विचारायला हवं होतं, एक कुरिअर वाचलं असतं.

त्यानंतर अपोस्टिल, म्हणजे एका देशाचा कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून त्याला जोडलेला सरकारी दाखला. 5 ऑक्टोबर 1961 च्या हेग करारातला हा दाखला नोटरीची सही, त्याचं पद आणि शिक्का खरा आहे एवढंच सांगतो. मजकूर खरा की खोटा याच्याशी त्याचा संबंध नाही. ज्या देशाच्या नोटरीने सही केली, अपोस्टिल त्याच देशाचं लागतं. त्यामुळे आम्हाला दोन घ्यावी लागली. आणि ज्या देशात कागद द्यायचा तोही करारात हवा. भारतात हा करार 2005 पासून लागू आहे, पण चीनमध्ये तो 7 नोव्हेंबर 2023 ला आणि कॅनडात 11 जानेवारी 2024 ला लागू झाला. त्याआधी तिथे अपोस्टिलऐवजी वकिलातीचा शिक्का लागायचा, त्यामुळे ते जुने अनुभव वाचून वकिलातीच्या रांगेत उभे राहू नका. हेग परिषदेच्या संकेतस्थळावर देशांची यादी आहे. काही देशांनी एकमेकांबद्दल नोंदवलेल्या हरकतीही तिथे दिसतात. हरकत असेल तर त्या दोन देशांत अपोस्टिल चालत नाही. वकिलातीत नोटरीचं काम करून घेणार असाल, तर वकिलातीने केलेल्या कागदाला हा करार लागू नाही, हे आधी लक्षात घ्या.

आणखी एक, जे खरं तर पहिल्यांदा सांगायला हवं होतं. नोटरी लागतोच का, ते फॉर्मच्या सूचनांत वाचा. अमेरिकेत कायम राहायला येणाऱ्या नातेवाइकाच्या खर्चाची हमी देणाऱ्या आय-864 फॉर्मला नोटरीचा शिक्का लागत नाही. खोटं लिहिलं तर शिक्षा होईल हे मान्य करून केलेली सही पुरते. आमच्या फॉर्मला मात्र लागत होता.

अपोस्टिल जोडलेल्या कागदाचा स्टेपल स्कॅन करायलाही काढू नका. मी पानं तशीच उलटून स्कॅन केली. शेवटी खिडकीवरच्या मुलीने दोन्ही दाखले पाहिले, तारखांवर बोट फिरवलं, "मामा ना?" असं विचारलं आणि कागद आत घेतला. बाहेर येऊन मी आधी दादाला फोन लावला. त्याच्याकडे पहाटेचे चार वाजले होते, तरी त्याने पहिल्या रिंगला उचलला.