किती चाललो? चार जण, चार उत्तरं

आमच्याकडे कुठेही फिरून आलं की बूट काढायच्या आधीच एक वाद सुरू होतो, आज किती चाललो. आता ह्या तळ्याभोवतीच्या वाटेचंच घ्या. माझा फोन म्हणाला ६.४ किलोमीटर, बायकोचं घड्याळ म्हणालं ५.८, लेकीने तिच्या फोनवर दुसऱ्याच ॲपमध्ये ट्रॅक घेतला होता तो ६.९, आणि धाकट्याच्या मनगटावर बायकोचं जुनं घड्याळ असतं त्याने थेट ९.३ सांगून टाकलं. चौघं एकाच वाटेने गेलो, एकाच वाटेने आलो. धाकटा अर्थातच जिंकल्याच्या थाटात सोफ्यावर पसरला.

शहाणी माणसं इथे विषय सोडून देतात. मी फायली एक्स्पोर्ट केल्या.

जीपीएक्स फाईल, म्हणजे ॲपने घेतलेला ट्रॅक ज्यात साठवलेला असतो ती, ज्यांनी कधी उघडून बघितली नाही त्यांनी एकदा बघाच, ती साधी टेक्स्ट फाईल असते, कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. एकाखाली एक ओळी, प्रत्येक ओळीत अक्षांश, रेखांश, उंची, वेळ, बास. लेकीला दाखवली तर ती पहिल्यांदा म्हणाली "एवढंच?" आणि मग तिने तिचा जांभळ्या फुलांचा फोटो काढल्याची वेळ बघून ती नेमकी ओळ शोधून काढली. मजा म्हणजे फोन दशांश चिन्हापुढे सात सात आकडे लिहितो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, त्यामुळे पाचवा आकडा म्हणजे मीटरभर आणि सातवा म्हणजे सेंटीमीटर! फोनचं जीपीएस उघड्या आकाशाखाली पाचेक मीटरपर्यंत बरोबर असतं, झाडाखाली आणि कड्यालगत त्याहून वाईट, तरी आव सेंटीमीटरचा.

आणि चुकतं ते साहजिक आहे. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवरून फक्त "मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजलेत" एवढंच सांगत असतात, फोन त्या सिग्नलला पोचायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो, आणि असे किमान चार उपग्रह लागतात, तीन जागेसाठी आणि एक फोनच्या स्वस्तातल्या घड्याळाची चूक काढायला. मायक्रोसेकंदाची गडबड म्हणजे ३०० मीटरची गडबड. त्यात सिग्नल कड्यावर आपटून आला की तो लांबून आल्यासारखा वाटतो आणि तुमचा ठिपका तळ्यात जातो. आमचा गेलाय.

तर एकेकाचा हिशोब लावायला बसलो. सगळ्यात सोपी केस धाकट्याची. त्या जुन्या घड्याळात अजून बायकोची उंची भरलेली, आणि घड्याळ उंचीवरून पावलाची लांबी धरतं. म्हणजे हा पठ्ठ्या टाकतोय बोटभर पावलं आणि घड्याळ प्रत्येक पावलाला मोठ्या माणसाचं पाऊल मोजतंय. पण खरं सांगू का, उंची बदलल्यावरपण तो आमच्या सगळ्यांच्या पुढेच राहतो आणि त्यात चूक काही नाही, कारण तो खरंच जास्त चालतो! पुढे पळतो, मागे येतो, दगड उचलतो, बहिणीला दाखवायला जातो, दगड परत ठेवायला जातो. एकच वाट म्हटली तरी त्याची वाट वेगळी होती.

लेकीची केस जास्त इंटरेस्टिंग निघाली. तिचं ॲप दर सेकंदाला एक ठिपका टाकतं, माझं बॅटरी वाचवायला बऱ्याच उशिराने टाकतं. वाटेत आम्ही एका झाडाखाली बराच वेळ बसलो होतो, तो भाग नकाशावर मोठा करून बघितला तर तिथे पोराने पेन्सिलीने गिरगटल्यासारखा गुंता. फोन दगडावर पडलेला, आम्ही आडवे झालेलो, आणि ठिपका आपला तीन मीटर इकडे, चार मीटर तिकडे उड्या मारतोय आणि ॲप इमानदारीत सगळं बेरजेत धरतंय. पायथन ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेत चार ओळी लिहून त्या वेळातलं अंतर वेगळं काढलं, तर आम्ही बसल्या जागी ३०० मीटरच्या वर चाललो होतो. लेकीचं म्हणणं, हे धरायचं.

इथे मला लुईस फ्राय रिचर्डसन आठवला. हवामानाची गणितं मांडणारा ब्रिटिश माणूस, त्याने देशांच्या सीमांच्या लांब्या गोळा केल्या होत्या आणि त्याच्या लक्षात आलं की स्पेन आणि पोर्तुगालची सीमा एकच पण स्पेन सांगतो ९८७ किलोमीटर आणि पोर्तुगाल १२१४. कोणी खोटं बोलत नव्हतं, मोजायची पट्टी जितकी लहान तितकी वळणं जास्त पकडली जातात आणि लांबी वाढत जाते. आमचंपण तेच की, फक्त लेकीच्या पट्टीत वळणांबरोबर जीपीएसची थरथरही मोजली जाते, आणि माझी पट्टी इतकी लांब की खरी वळणंसुद्धा कापून पुढे जाते. एवढं सगळं मी जेवताना समजावून सांगितलं. बायको म्हणाली, "अरे पण मग खरं किती?"

ह्या प्रश्नाला उत्तर नाही असं म्हणून सुटता आलं असतं. पण मॅरेथॉनवाले मोजतातच की! ४२.१९५ किलोमीटरची शर्यत कोणी फोन हातात धरून मोजत नाही, त्यासाठी सायकल वापरतात. पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं एक छोटं यंत्र लावतात, १९७१ मध्ये ॲलन जोन्स यांनी काढलेलं, आणि सुरुवातीला ते बनवायचा त्यांचा मुलगा क्लेन (हे वाचून मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं, कोणी वर बघितलं नाही). आधी स्टीलच्या टेपने मोजून ठेवलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल चालवून चाकाचा हिशोब पक्का करायचा आणि मग धावणारा जितकी कमीतकमी वाट धरू शकेल तशी वळणाच्या आतल्या कडेने सायकल न्यायची. वर हजारात एक एवढं अंतर मुद्दाम जास्त धरतात, म्हणजे मॅरेथॉनमध्ये ४२ मीटर, चुकून शर्यत आखूड भरू नये म्हणून. पळून आल्यावर "माझ्या घड्याळात तर ४२.७ आले, रस्ताच चुकीचा मोजलाय" म्हणणारे मित्र तुम्हालाही असतील, त्यांना हे ऐकवा.

मग काय, धाकट्याची लहान झालेली सायकल पडून होतीच. पुढचं चाक फोर्कसकट काढलं, वर एक दांडा बसवला, स्पोकला एक छोटा लोहचुंबक, फोर्कला रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आला की चालू होणारा, आणि दांड्यावर ड्रॉवरमधला ईएसपी३२ नावाचा छोटा कॉम्प्युटर बोर्ड नि बोटभर स्क्रीन. चुंबक समोरून गेला की स्विचच्या आतल्या पत्र्या एकमेकींना चिकटतात, एक फेरा. कागदावर एवढंच आहे. प्रत्यक्षात स्विचच्या पत्र्या चिकटताना थरथरतात आणि बोर्ड इतका चपळ की एका फेऱ्यात चार पाच वेळा मोजतो, त्यामुळे एकदा मोजल्यावर २०० मिलिसेकंद कान बंद ठेव असं त्याला सांगावं लागतं. चालण्याच्या वेगाला ह्या चाकाचा एक फेरा साधारण सेकंदाचा, तेव्हा काही निसटत नाही. पळवलं तरी चालतं. धाकट्याने पळवून खात्री केली.

चाकाचा घेर व्यास गुणिले पाय (३.१४) करून काढायचा नाही, टायर दबतं. व्हॉल्व खाली आणून जमिनीवर खडूची रेघ मारायची, दांड्यावर नेहमीएवढाच जोर देत चाक सरळ ढकलायचं आणि दहाव्या फेऱ्याला व्हॉल्व परत खाली आला की दुसरी रेघ. लेकीने टेप धरला, १२.६२ मीटर, म्हणजे एका फेऱ्याला १.२६२. ह्यात सेंटीमीटरची चूक झाली तर तळ्याच्या पूर्ण फेरीत पन्नासेक मीटरचा फरक पडतो, त्यामुळे एका फेऱ्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही.

मग परत तेच तळं, तीच वाट, तीच माणसं. चाक दोघं आळीपाळीने ढकलत होते आणि लोक वळून बघत होते, एका आजोबांनी विचारलं रस्ता करताय का नवीन. आकडा आला ५.९३ किलोमीटर.

म्हणजे सगळ्यात जवळ कोण, तर बायको. जिने काही सुरू केलं नव्हतं, ॲप नाही, ट्रॅक नाही, जीपीएस नाही, घड्याळाने नुसती पावलं मोजून उंचीवरून अंदाज केला होता. मी सांगायचा प्रयत्न केला की हा योगायोग आहे, चढउतारावर पावलाची लांबी बदलत राहते, ह्या वाटेवर ते एकमेकांत जिरलं, दुसऱ्या वाटेवर जिरेलच असं नाही. सगळं खरं आहे पण बोलताना आपलं आपल्यालाच कळतं की हे हरलेल्याचं भाषण आहे. धाकट्याने शेवटचा मुद्दा काढला की चढ होता म्हणून जास्त धरा. त्याच्यासमोर कागदावर त्रिकोण काढला, १०० मीटर आडवं आणि १० मीटर वर, तिरकी बाजू १००.५. एवढ्या दमण्याला अर्धा मीटर! त्याचा गणितावरचा विश्वास उडालाय बहुतेक.

लेकीचं आता उंचीकडे लक्ष गेलंय. माझ्या फोनमध्ये वायुदाबाचा सेन्सर आहे, साधारण आठ मीटर वर गेलं की दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो, त्यामुळे जिना चढतानासुद्धा आकडा हलताना दिसतो आणि ती दिवसभर वरखाली करतेय. फक्त हवा बदलली की दाबही बदलतो, तेव्हा टेकडीवर सकाळी जाऊन दुपारी खाली आलं की पार्किंगची उंची वीसपंचवीस मीटरने बदललेली असू शकते. त्यासाठी एक जण खालीच फोन घेऊन बसवून दर दहा मिनिटांनी दाब लिहून ठेवायचा, असा प्लॅन आहे. बायको म्हणाली, खाली मी बसते.