ईमॅक्समध्ये अडलेली टीएलएस जोडणी

डेबियन 10 या लिनक्स प्रणालीवर ईमॅक्स 26.1 हा मजकूर-संपादक वापरत असताना त्याच्या पॅकेजांची (जोड-प्रोग्रामांची) यादी ताजी करण्याचा आदेश दिला, की ग्नूचा ‘एल्पा’ हा पॅकेज-संग्रह उतरवता आला नाही असा संदेश येई आणि त्यासोबत ‘बॅड रिक्वेस्ट’ एवढेच शब्द असत. त्याच वेळी ब्राउझरमध्ये एल्पाचे पान मात्र विनातक्रार उघडत होते.

अशा वेळी हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे संग्रहाच्या पत्त्यातील ‘एचटीटीपीएस’मधला ‘एस’ काढून टाकणे. तो मी केला नाही आणि कोणीही करू नये, असे मला मनापासून वाटते. पॅकेज हा आपल्याच अधिकारांनिशी आपल्या संगणकावर चालणारा कोड असतो. तो वाटेत कोणी बदलला, तर आपल्या सगळ्या फाइली त्याच्या हाती जातात.

आधी घड्याळ पाहिले, कारण तारीख चुकली की सर्व्हरची ओळख पटवणारे वैध प्रमाणपत्रही अवैध ठरते. तारीख बरोबर होती. ईमॅक्स ब्राउझरची यंत्रणा वापरत नाही, तर टीएलएससाठी, म्हणजे ‘एचटीटीपीएस’मागच्या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीसाठी, ग्नूटीएलएस या लायब्ररीवर विसंबतो. म्हणून ‘ग्नूटीएलएस-बिन’ हे पॅकेज घेऊन त्यातल्या ‘ग्नूटीएलएस-सीएलआय’ने टर्मिनलमधून थेट एल्पाशी जोडणी केली. प्रमाणपत्र विश्वासार्ह असल्याची ओळ आली आणि वर्णनात टीएलएस 1.3 दिसले. लायब्ररी तीच आणि सर्व्हरही तोच असताना टर्मिनलमधून जोडणी होते आणि ईमॅक्समधून होत नाही, याचा अर्थ दोष ईमॅक्स ती लायब्ररी ज्या पद्धतीने वापरतो त्यात होता. टीएलएस 1.3 चे मानक ऑगस्ट 2018 मध्ये आले, तर ईमॅक्स 26.1 त्याच्या काही महिने आधीचा.

आरंभ-फाइलमध्ये ‘ग्नूटीएलएस-अल्गोरिदम-प्रायॉरिटी’ या चलाला ‘नॉर्मल:-व्हर्स-टीएलएस1.3’ ही किंमत दिली (ही नावे तिथे अर्थातच रोमन लिपीत लिहायची) आणि यादी लगेच उतरली. यात टीएलएस 1.3 वगळून जोडणी त्याआधीच्या टीएलएस 1.2 ने होते, म्हणजे सांकेतिकरण आणि प्रमाणपत्राची तपासणी दोन्ही शाबूत राहतात. ऑगस्ट 2019 मधील 26.3 या आवृत्तीत हा दोष दुरुस्त झाला, त्यामुळे त्या किंवा त्यापुढील आवृत्तीवर गेल्यावर ही ओळ आठवणीने काढून टाकावी. जुन्या आवृत्तीवर जोडणी सुधारल्यानंतर पॅकेजांची डिजिटल स्वाक्षरी तपासता येत नसल्याची तक्रार आली, तर तो वेगळा प्रश्न आहे: ती तपासण्यासाठीची एल्पाची जुनी किल्ली 2019 मध्येच कालबाह्य झाली, आणि नवी किल्लीही 26.3 सोबतच आली.

कार्यालयातल्या जाळ्यावर मात्र ही ओळ उपयोगी पडली नाही. तिथे ईमॅक्सने प्रमाणपत्राबद्दल इशारा दिला, आणि प्रमाणपत्र देणाऱ्याच्या जागी कार्यालयाच्याच प्रॉक्सीचे (मधल्या सर्व्हरचे) नाव होते. ‘नेहमी स्वीकारा’ हा पर्याय न निवडता मी प्रणाली सांभाळणाऱ्यांकडून त्या प्रॉक्सीचे मूळ (रूट) प्रमाणपत्र मागून घेतले आणि ते प्रणालीच्या स्थानिक प्रमाणपत्रांच्या फोल्डरमध्ये ठेवले. तरीही काही घडेना. फाइलचा शेवट ‘.पीईएम’ असा होता, आणि डेबियनची अद्ययावत करणारी आज्ञा तिथल्या फक्त ‘.सीआरटी’ने संपणाऱ्या फाइलीच उचलते. नाव बदलून आज्ञा पुन्हा चालवल्यावर एक प्रमाणपत्र वाढल्याची नोंद दिसली आणि ईमॅक्स पुन्हा सुरू करताच इशारा न येता यादी उघडली.