ही आत, मी बाहेर

डॉक्टरांनी हिला घड्याळ काढायला सांगितलं. वेळ अकरा वाजून दहा मिनिटं. हिने सुबक गोल काढला, बाराही आकडे नीट मांडले आणि एक काटा अकरावर, दुसरा थेट दहावर ठेवला. मग माझ्याकडे बघितलं. माझी दोन बोटं नकळत वर झाली होती. डॉक्टर म्हणाले, "काका, परीक्षा तुमची नाही."

ती मोका नावाची, स्मरण आणि विचारशक्ती तपासणारी चाचणी होती. ३० पैकी २१ आले. २६ च्या खाली गेलं की डॉक्टर पुढची चौकशी सुरू करतात. पाच शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारतात, त्यातला हिला एकच आठवला. मग बी-१२, थायरॉइड, एमआरआय, कान, मनाची उदासी, सगळं तपासून झालं. यातल्या काही गोष्टींमुळेही माणूस विसरायला लागतो आणि तसं असेल तर उपचाराने फरक पडतो. आमच्या बाबतीत तसं काही निघालं नाही. कागदावर शेवटी एमसीआय लिहिलं गेलं. वयाचं साधं विसरणं आणि डिमेन्शिया यांच्या मधला हा टप्पा. रोजचे व्यवहार जमतात, पण घरच्यांना काहीतरी निसटतंय हे कळत असतं. हिचे रस्ते निसटत होते. ओळखीच्या वळणावरही थबकायची.

व्हीआरचं, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आत दिसणाऱ्या आभासी जगाचं, नाव ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी काढलं. रोजची कामं जमत राहावीत म्हणून त्या सराव करून घेतात. आठवड्यातून दोनदा, वीस वीस मिनिटं, अशी बारा सत्रं. मला वाटलं, नातवंडांचा खेळ आता आजीच्या डोक्यावर! बाईंनी मात्र पहिल्याच दिवशी बजावलं, "हे औषध नाही, सराव आहे. आजार थांबेल असं मी म्हणत नाही." त्या वाक्यामुळेच मी तयार झालो. मोठी आश्वासनं दिली असती तर उठून आलो असतो.

पहिलं सत्र नुसतं बसवण्यात गेलं. हेडसेट अर्धा किलोच्या आसपास, त्याचा पट्टा हिच्या अंबाड्यावर अडे. आत चष्मा मावेना, मग मध्ये एक चौकट घालून जागा केली. श्रवणयंत्र शिट्टी मारायला लागलं. दोन भिंगांमधलं अंतर दोन बाहुल्यांमधल्या अंतराशी जुळवावं लागतं, हे मला नवीन होतं. मोठ्या माणसांत ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, हिचं त्याहून कमी निघालं. ते जुळलं नाही की चित्र अंधुक दिसतं आणि डोकं धरतं. खुर्ची बिनचाकांची, हातांची. एवढं झाल्यावर आत एक बाग सुरू झाली आणि हिचा पहिला प्रश्न आला, "माझे हात कुठे गेले?" कंट्रोलर हातात दिल्यावर तिथे दोन पांढरे हातमोजे तरंगायला लागले. ती बराच वेळ तेच हलवत बसली. बाग राहिली बाजूला.

दुसऱ्या सत्रात मळमळलं. अंगठ्याने कळ पुढे ढकलली की रस्ता आपोआप सरकायचा. डोळे सांगतात आपण चाललोय आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो बसलोय. हे भांडण पोटाला सोसत नाही. तीन मिनिटांत हेडसेट काढावा लागला. पुढच्या वेळी सेटिंग बदललं. जिथे जायचं तिथे बोट दाखवायचं की एकदम तिथेच, मधलं सरकणं नाही. हे आधीच करायला हवं होतं, ही माझी तक्रार आजही आहे. ज्यांना फिट्स येतात किंवा चक्करचा जुना त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडूच नये.

खरं काम तिसऱ्या सत्रापासून. आत एक छोटी वस्ती होती. फाटकापासून वाचनालयापर्यंत जायचं आणि परत यायचं. मी विचारलं, शब्दांची कोडी का नाहीत? बाईंनी सांगितलं ते असं: आपण कुठे आहोत याचा हिशेब ठेवणाऱ्या पेशी मेंदूच्या आतल्या भागात असतात. त्यांच्या शोधासाठी जॉन ओकीफ आणि मोझर दांपत्याला २०१४ चं नोबेल मिळालं. अल्झायमरची झीज पुष्कळदा त्याच भागात लवकर सुरू होते. म्हणून वाट शोधण्याचा सराव.

सुरुवातीला जमिनीवर बाण होते. दर वेळी थोडे पुसट केले, मग एकेक काढून टाकला. चुकू द्यायचंच नाही, हा त्यामागचा नियम. स्मरण कच्चं असलेल्या माणसाने अंदाजाने चुकीचं वळण घेतलं, तर ते वळणही डोक्यात बसतं, पण ते चुकीचं होतं हे बसत नाही. दुसऱ्या दिवशी पाय तिकडेच वळतात. म्हणून आधी दाखवायचं, हळूहळू आधार काढायचा, आणि मग थांबायचं. हे ऐकताना मला घाम फुटला. घरी माझी पद्धत अगदी उलटी. आधी "आठव बघू, आठव!" म्हणून मागे लागायचं आणि ती काही बोलायच्या आत स्वतःच उत्तर देऊन टाकायचं.

हेडसेटमध्ये ती सोय नव्हती. तिला काय दिसतं ते मला टॅबवर दिसायचं, पण बोलायचं नाही, ही अट. पाचव्या सत्रात ती एका चौकात उभी राहिली. बाण नव्हते. मी ओठांतल्या ओठांत "डावीकडे, डावीकडे" करत होतो. बाईंनी माझ्यासमोर घड्याळ धरलं. दहा सेकंद, वीस सेकंद. टॅबवरचं चित्र इकडून तिकडे फिरत होतं, म्हणजे ही मान वळवून बघत होती. चाळिसाव्या सेकंदाला चित्र एका लाल पत्रपेटीवर स्थिरावलं आणि ती डावीकडे गेली. चाळीस सेकंद! घरी मी किती थांबतो ते त्या संध्याकाळी मोजलं. दोन.

आठव्या सत्रापर्यंत तिला लागणारा वेळ निम्म्यावर आला. मी मुलांना फोन करून सांगितलं, आई सुधारतेय. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "त्या वस्तीत सुधारतायत." मग त्यांनी अमेरिकेतल्या 'ॲक्टिव्ह' या मोठ्या अभ्यासाचं सांगितलं. त्यात २,८३२ वृद्धांपैकी काहींना स्मरणाचा, काहींना तर्काचा, काहींना झटपट टिपण्याचा सराव दिला होता. जो गट ज्यात घोटला त्यातच पुढे गेला, बाकीच्यात नाही. आणि ती माणसं डिमेन्शिया नसलेली. २००२ साली हे निष्कर्ष छापून आले, तरी माझ्यासारखे अजून आकडे बघून नाचतातच.

तेव्हा तीच रीत बाहेरच्या रस्त्यावर न्यायची ठरलं. वळणावळणाची खूण तिने स्वतः निवडायची, मी दोन पावलं मागे. पहिल्या दिवशी छान झालं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या वळणावर ही गोंधळून उभी. खूण गायब! तिने निवडली होती निळी मोटार, आणि मालक ती घेऊन गेला होता. मीही आदल्या दिवशी "वा, छान खूण" म्हणालो होतो. त्यानंतर जे हलत नाही तेच, असा नियम केला.

नववं सत्र वाईट गेलं. आदल्या रात्री झोप झाली नव्हती. हेडसेट काढल्यावर तिने खोलीभर बघितलं आणि माझा हात घट्ट धरून म्हणाली, "हे कुठलं?" तीन-चार मिनिटांत सावरली, पण मला ती फार मोठी वाटली. पुढची सत्रं बारा मिनिटांची केली. संपल्यावर पंधरा मिनिटं बसल्याशिवाय उठायचं नाही, आणि झोप झाली नसेल त्या दिवशी सुट्टी.

बारा सत्रं संपल्यावर परत मोका. २२. डॉक्टर म्हणाले, एका गुणाचा वर-खाली फरक असाही पडतो, त्यावर काही बांधू नका. मी पडेल चेहऱ्याने बाहेर आलो. हिला गुण विचारायचे सुचलंही नाही. तिला शिंप्याकडे जायचं होतं.

गेलो. ही पुढे, मी दोन पावलं मागे. वडाच्या कोपऱ्यावर थांबली. मी हात खिशात घातले आणि मोजायला लागलो. एकतिसावर ती वळली. उजवीकडे नव्हे, माझ्याकडे.

"अहो, मोजायचं तर मनात मोजा. माझं लक्ष जातं."

आणि मग उजवीकडे गेली.