गव्हाच्या पोत्यासोबत कोण कोण आलं

होळी झाली की आमच्या जळगावात ऊन एकदम चढतं, मार्च संपता संपता पारा 40 ला टेकतो, आणि सीझन बदलला हे आपल्याआधी घरातल्या किडामुंगीला कळतं. ओट्यावर मुंग्यांची लाईन, सिंकखाली झुरळं, ट्यूबलाईटमागे पाल. मी इतकी वर्षं काय करायचे तर दुकानातून मोठा स्प्रे आणायचे, रात्री झोपताना कोपऱ्याकोपऱ्यात मारायचे, सकाळी चार मेलेली झुरळं झाडून काढताना लई भारी वाटायचं, आणि पंधरा दिवसांनी परत ये रे माझ्या मागल्या.

मागच्या वर्षी यावलकडून सासरचा गहू आला, दोन पोती. मी पोतं सोडून सरळ कोठीत ओतायला घेतलं तर सासूबाई म्हणे, "थांब वं, काय घाई लागली तुले? आधी उन्हात तर टाक त्याले."

मी म्हटलं, "आई, स्वच्छ आहे की गहू."

"दिसतोच ना तसा. टोके काय दाराची कडी वाजवून येता का?"

मला तेव्हा हसू आलं, पण नंतर वाचलं तर अगदी तसंच आहे. टोके म्हणजे धान्यातले सोंडकिडे, त्यांची मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत अंडं घालते आणि वरून ते भोक बुजवून टाकते, मग वरून कितीही निरखून बघा, दाणा चांगलाच दिसणार. उकाड्यात साधारण महिन्याभरात आतून किडा बाहेर. म्हणजे आपण एप्रिलमध्ये ज्याला "कोठीत टोके झाले" म्हणतो ते झालेले नसतात, आपणच पोत्यातून घेऊन आलेलो असतो.

मग गच्चीवर तीन दिवस गहू. दाणा दाताखाली धरला की कट्ट वाजला पाहिजे, ही आमच्याकडची टेस्ट. आणि गरम गरम भरायचा नाही, रात्रभर निवू द्यायचा, नाहीतर कोठीत आतल्या आत घाम धरतो. नंतर हाताला एरंडेल घेऊन दाण्याला चोळायचं, थरांमध्ये कडुनिंबाचा पाला, तोही सावलीत खडखडीत वाळलेला, ओला पाला टाकला तर उलट बुरशी लागते. कोणी कोणी गव्हात औषधाची गोळी टाकतं, तिचा विषारी गॅस होतो आणि त्या गॅसने झोपेत माणसं गेलेली आहेत, त्यामुळे ज्या घरात आपण झोपतो तिथं ती नाहीच, फुकट दिली तरी नाही.

तेव्हापासून मला सवयच लागली, घरात जे दिसेल त्याला विचारायचं की बाबा, तू आलास कशातून? झुरळांचं उत्तर लगेच मिळालं, खोके. किराण्याचे, पार्सलचे, केळीचे, "कामाला येतील" म्हणून फ्रीजमागे घडी करून ठेवलेले. ती बारकी तपकिरी झुरळं असतात ना, त्यांची मादी एका पिशवीत 30-40 अंडी घेऊन फिरते, आणि स्प्रे त्या पिशवीच्या आत पोचत नाही. म्हणून ते पंधरा दिवसांनी परत तेच! खोके भंगारवाल्याला देऊन टाकले, आणि कणीक, पिठीसाखर नि बोरिक पावडरच्या गोळ्या करून सिंकखाली, फ्रीजच्या मोटरपाशी ठेवल्या. बोरिक पावडर म्हणजे कॅरम बोर्डवर टाकतो तीच, मेडिकलमध्ये मिळते. लगेच फरक दिसत नाही, आठवडा-दोन आठवडे धीर धरावा लागतो, आणि लहान पोरं नि मांजर असेल तर हात पोचणार नाही अशाच जागी.

कूलरचं तर मला माहीतच नव्हतं. डेंग्यूचा डास पाण्याच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवतो आणि ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणजे मागच्या उन्हाळ्याचा कूलर गच्चीवरून खाली आणून नुसतं पाणी भरलं की मागच्या वर्षीचेच डास! आता आधी काथ्याने टाकी घासायची, उन्हात वाळवायची, गवत नवीन टाकायचं, मगच पाणी. आणि दर आठवड्याला रिकामी करून परत घासायची कारण अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवसच लागतात. आमच्या ह्यांना हे काम सांगितलं की कमर दुखते.

मुंग्यांना काय, बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, गच्चीवरून खाली आले की त्याही मागोमाग येतात. साबणाच्या पाण्याने लाईन पुसली की त्यांचा वास जातो आणि रस्ता चुकतो, बस. पालीसाठी अंड्याची टरफलं लावून पाहिली, पाल टरफलाशेजारीच बसलेली सापडली.

गावाकडे सासूबाईंनी यंदा पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, ढीग भिंतीपासून लांब हलवलाय, मागच्या खेपेला त्यातूनच वाळवी दाराच्या चौकटीत शिरली होती आणि एक विंचूही निघाला होता.

परवा फोनवर यंदाच्या गव्हाचं सगळं सांगितलं, वाळवला, निववला, एरंडेल लावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग मागच्या वर्षीची पोती काय केली?"

स्टोअररूममध्ये जाऊन बघितलं. नीट घडी करून, नव्या कोठीच्या खालीच होती.