आमची वाटचाल: हापूस, करपा आणि गवती चहाचं तेल

आमचं देवगड तालुक्यात हापूसचं छोटंसं पॅकिंग आहे. घरची कलमं आणि शेजारच्या चार बागायतदारांचा माल, बस्स. आधी बाबा सगळा माल वाशीला पाठवायचे, तिकडे पेटीत काय सडलं ते आपल्याला थोडंच दिसायचं, पण आम्ही थेट पुण्या-मुंबईत पेट्या द्यायला लागलो आणि गिऱ्हाइकं काळ्या डागांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकायला लागली तेव्हा खरी झोप उडाली.

काळे डाग म्हणजे करपा, आणि देठाकडून मऊ पडत जातं ती देठकूज. करप्याची बुरशी मोहोर-कणीच्या दिवसांतच फळावर येऊन बसते, सालीत गप्प पडून राहते आणि आंबा आढीत पिकायला लागला की हातपाय पसरते. म्हणजे काढताना फळ एकदम चकाचक, आपण छातीठोकपणे पाठवतो आणि पाच दिवसांनी फोन!

केमिकलात आंबा बुडवायचा नव्हता. बांधावर गवती चहा रग्गड होता, म्हणून एक छोटी भट्टी घेतली. 100 किलो पातीतून अर्धा किलो तेल सुटलं तरी नशीब. त्यात 70-80 टक्के सिट्रल असतं, ते बुरशीच्या पेशीचं आवरणच खिळखिळं करतं, एवढं वाचलं आणि आम्ही लगेच शास्त्रज्ञ झालो.

पहिल्याच वर्षी तोंडावर आपटलो. टबात पाणी, त्यात तेल, काठीने ढवळलं आणि क्रेट बुडवले. तेल कशाला मिसळतंय, ते वर तवंग धरून बसलं आणि क्रेट वर काढताना प्रत्येक फळ त्या तवंगातूनच बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी सालीवरच्या बारीक ठिपक्यांभोवती भाजल्यासारखे तपकिरी चट्टे, करपा परवडला असं झालं. सात क्रेट आईने आमरसाला घेतले, वाडीतली पोरं आमरस बघून पळायला लागली.

पुढच्या वर्षी इमल्सिफायर (तेल पाण्यात मिसळून ठेवणारा पदार्थ) घालून मिक्सरने नीट फेटलं, चट्टे गेले, पण पुण्याच्या एका काकूंचा फोन, "आंबा छान आहे हो, पण चहाची पात कशाला घातलीत?" काय बोलणार!

आता बुडवणं बंद. 52 डिग्रीच्या पाण्यात 10 मिनिटं फळ, मग गार करून पूर्ण सुकवायचं, आणि पेटीत तेलाचे थोडेसे थेंब दिलेली कागदाची पट्टी, फळाला न टेकता. तेलाच्या वाफेवरच काम होतं, तेल पण कमी लागतं. तरी आधीच आत शिरलेली बुरशी यानं पूर्ण मरत नाही, आणि ती वाळक्या फांद्यांवर टिकून राहते, म्हणून ज्याच्या बागेत अशा फांद्या तशाच लटकतायत त्याचा माल आम्ही घेतच नाही, मग नातेवाईक असला तरी. आणि साका, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा होतो तो? ती बुरशीच नव्हे, तिथे तेलाचा काडीचा उपयोग नाही, हे दरवर्षी नव्याने सांगावं लागतं.

सध्या दालचिनीच्या पानांचं तेल करून बघतोय, त्यात लवंगेतलंच युजेनॉल असतं, वास मात्र जास्त चिकट. प्रत्येक लॉटमधला एक आंबा आईच्या हातात देतो, ती डोळे मिटून देठाशी हुंगते, "चहा" म्हणाली की पेट्या एक दिवस उघड्या ठेवायच्या. गेल्या सिझनला दोनदा म्हणाली.